लघवीच्या जागेवरची पुळी: आधी नाव, मग औषध

लिंगावर, योनीमुखाशी, जांघेत किंवा अंडकोषाच्या पिशवीवर काहीतरी हाताला लागतं आणि पुढचे पंधरा दिवस जवळजवळ ठरल्यासारखे जातात. पहिल्या रात्री मोबाइलवर शोधाशोध. मग कपाटातलं कुठलंतरी मलम. मग मेडिकलमध्ये गर्दी कमी होईपर्यंत थांबून, हळू आवाजात "खाजेची क्रीम द्या". त्वचेच्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत पुळीचा मूळ चेहरा मलमाखाली पुसून गेलेला असतो, आणि निदान तर त्या चेहऱ्यावरूनच व्हायचं असतं.

इथे उपचारांविषयी फार सांगणार नाही. पुळीला खात्रीचं नाव कसं मिळवायचं, एवढंच सांगायचं आहे. "उष्णता झालीय, सब्जा घे" हे नाव नव्हे. "इन्फेक्शन आहे" किंवा "ॲलर्जी आहे" हेही नाव नव्हे. मोस (म्हणजे या जागेवरची विषाणूची चामखीळ), मोलस्कम (हेही विषाणूचेच, पण गुळगुळीत दाणे), खरजेची गाठ ही नावं झाली. "ही तेलग्रंथी आहे, आजार नाही" हेसुद्धा पूर्ण निदान आहे, आणि बऱ्याच लोकांच्या बाबतीत शेवटी तेच निघतं.

पहिल्याच दिवशी नीट पाहून घ्या

साध्या पाण्याने जागा धुवा, टिपून कोरडी करा आणि चांगल्या उजेडात पाहा. बायकांनी हातआरसा घ्यावा आणि उकिडवं बसावं किंवा एक पाय स्टुलावर ठेवावा. पुरुषांनी पुढची कातडी मागे घेऊन शिश्नमुंडाच्या कडेची खोबण आणि खालची बाजू बघावी, आणि बघून झाल्यावर कातडी परत पुढे आणायला विसरू नये. ती मागेच राहिली तर सूज येऊन अडकते आणि मग रात्री इमर्जन्सी गाठावी लागते.

आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पुळीसकट कातडी हलकेच उचला. पुळी कातडीबरोबर वर आली, तर ती त्वचेतली. कातडी वर आली आणि गाठ खाली राहिली, तर ती त्वचेच्या खालची किंवा अंडकोषाची आहे. ही दुसरी वाट त्वचेच्या डॉक्टरांकडे जात नाही, ती सर्जन किंवा युरोसर्जन आणि सोनोग्राफीकडे जाते. त्याच चिमटीत बाकीचंही कळतं: मऊ आहे की शर्टाच्या बटणासारखी घट्ट, देठावर लोंबते की बैठी आहे, मध्ये खळगी आहे का, दाबल्यावर दुखते का. शेवटी कातडी ताणून पाहा. ताणल्यावर पिवळसर पांढरे ठिपके आणखी उठून दिसले, तर बहुधा त्या तेलग्रंथीच आहेत.

फोटो तीन काढा. एक लांबून, पुळी नेमकी कुठे आहे ते कळेल असा. दुसरा जवळून, शेजारी शाळेची पट्टी ठेवून, म्हणजे मिलिमीटर वाचता येतील. तिसरा बाजूने टॉर्च मारून, कारण समोरच्या फ्लॅशमध्ये खळगी आणि खडबडीतपणा सपाट होऊन जातो. मोबाइल अगदी जवळ नेला की चित्र धूसर येतं, म्हणून वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करा. फोटो घरातल्या सगळ्यांच्या सामाईक खात्यावर आपोआप चढत नाहीत ना, हेही आधी बघा. रोज फोटो काढू नका, आठवड्यातून एक पुरतो. रोज बघणाऱ्याला नसलेला बदल दिसू लागतो.

फोटोंसोबत एक कागद करा. पुळी कधी दिसली, एक होती की आता पाच आहेत, शेवटचे केस कधी आणि कशाने काढले, मागच्या दोन आठवड्यांत कुठल्या गोळ्या पोटात गेल्या (ताप आणि अंगदुखीच्या धरून), काय काय लावलं, साखर आहे का, घरात कुणी रात्री खाजवतंय का, आणि शरीरसंबंधांच्या तारखा. शेवटची ओळ लिहायला जड जाते, पण निदानात तारखांचं वजन मोठं आहे. हर्पीसचे फोड संबंधानंतर साधारण २ ते १२ दिवसांत येतात. सिफिलिसचा (जुने लोक ज्याला गरमी म्हणतात) व्रण सरासरी ३ आठवड्यांनी, पण ९ ते ९० दिवसांत कधीही उठू शकतो. मोलस्कमला २ आठवड्यांपासून ६ महिने लागतात. मोस उगवायला बहुतेकदा २-३ महिने जातात, क्वचित त्याहून कितीतरी जास्त. परवाच्या संबंधानंतर आज मोस दिसला, तर तो परवाचा नव्हे. नवराबायकोत यावरून भांडण होण्याआधी हे हिशेब डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. मोस कुणाकडून कुणाला गेला, हे बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत काय लावायचं नाही

स्टिरॉइड, जंतूनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मिश्रण क्रीम आपल्याकडे दात घासायच्या पेस्टसारखी विकली जाते. नायट्यावर लावली की दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा ओळखू न येण्याइतका पसरतो. जननेंद्रियाची कातडी पातळ असल्याने स्टिरॉइड तिथे जास्त मुरतं. लावून झालं असेल तर बंद करा, ट्यूब बरोबर न्या आणि कधीपासून लावली ते सांगा. हे लपवलं तर डॉक्टर अर्ध्या पुसलेल्या पाटीवरून वाचत बसतात.

चामखिळीला चुना लावणं किंवा घोड्याचा केस बांधणं मानेवरही वाईटच. इथे तर भाजून व्रण होतो आणि मूळ काय होतं ते कुणालाच कळत नाही. थुजा या होमिओपॅथीच्या औषधाने मोस गेल्याचं सांगणारे भेटतात. मोस काही जणांचे आपोआपही जातात, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं हे ठरवता येत नाही. पुळी फोडू नका. मोलस्कमच्या आतला पांढरा दाणा बाहेर आला की तो आजूबाजूला पेरला जातो. रेझरही थांबवा, त्याच पात्याने मोस आणि मोलस्कम रांगेत उगवलेले दिसतात.

सगळ्यात महाग पडते ती आपल्या मनाने घेतलेली अँटिबायोटिकची गोळी. सिफिलिसचा पहिला व्रण काहीही केलं नाही तरी ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. त्या काळात जे काही घेतलं त्याने गुण आला असं वाटतं, आणि आजार आत शांतपणे पुढे जात राहतो.

कुणाकडे जायचं

भारतात त्वचारोग आणि गुप्तरोग ही एकच शाखा आहे, हे अनेकांना माहीत नसतं. एम.डी. डीव्हीएल, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल असं लिहिलेला डॉक्टर दोन्ही शिकलेला असतो, पाटीवर फक्त "स्किन अँड हेअर क्लिनिक" असलं तरी. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर "गुप्तरोग का शर्तिया इलाज" रंगवणाऱ्यांचा या शाखेशी संबंध नाही. खात्री हवी असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. तो केसपेपरवर असायलाच हवा.

सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ओपीडीत "त्वचा व गुप्तरोग" असा विभाग असतो: मुंबईत जे.जे., केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळी. मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचं सुरक्षा क्लिनिकही चालतं. तिथे समुपदेशक असतो आणि औषधं फुकट मिळतात. जवळचं केंद्र कुठे ते १०९७ या टोल फ्री क्रमांकावर कळतं. नोंदणीच्या खिडकीवर "स्किन" एवढंच म्हटलं तरी पुरतं. ब्रिटनमध्ये असाल तर एनएचएसच्या सेक्शुअल हेल्थ क्लिनिकमध्ये फुकट तपासणी होते, आणि जीपीची चिठ्ठीही लागत नाही.

सुरक्षा क्लिनिकच्या रंगीत औषध-किटांबद्दल एक गोष्ट समजून घ्या. ती लक्षणांवरून द्यायची योजना आहे: स्रावाला एक रंग, व्रणाला दुसरा, हर्पीसच्या फोडांना तिसरा. व्रण आणि स्रावासाठी ती चांगली चालते, कारण तिथे उशीर परवडत नाही. पण कोरड्या, न दुखणाऱ्या पुळीसाठी यात किट नाही. तशी पुळी असताना कुणी किट हातात देऊ लागलं, तर "त्वचारोग विभागात दाखवून घेऊ का?" असं विचारा.

बायकांना त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, हा नेहमीचा प्रश्न. बाहेरच्या कातडीवरचं काही असेल तर त्वचेचे डॉक्टर, योनीमुखाच्या एका बाजूला आत खोल गाठ असेल किंवा पाळी, स्राव, गरोदरपणाचा संबंध असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. योनीमुखाला घड्याळाची तबकडी मानलं, तर चार किंवा आठच्या आकड्यापाशी येणारी गाठ बहुधा बार्थोलिन ग्रंथीची असते. चाळिशीनंतर ती पहिल्यांदाच आली तर नुसता चीरा देऊन भागत नाही, तुकडा तपासावा लागतो. तपासणारा डॉक्टर पुरुष असेल तर खोलीत स्त्री कर्मचारी असावी, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतच आहे. मागायला संकोच नको.

आठवडाभर वाट पाहू नये अशाही वेळा आहेत. ताप आणि सुजेसह झपाट्याने वाढणारा दुखरा भाग, गरोदरपणात उठलेले फोड, एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना उठलेलं काहीही. लहान मुलाच्या अंगावर मोससारखं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञ गाठा. ते आईकडून जन्माच्या वेळी किंवा हातावरच्या चामखिळीतूनही आलेलं असू शकतं, पण अत्याचाराची शक्यता तपासावीच लागते, आणि तसा संशय आला तर पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरांना कळवणं बंधनकारक आहे.

तपासणीच्या पडद्याआड

"जरा प्रॉब्लेम आहे" असं म्हणून गप्प बसलात तर पाच मिनिटं त्यातच जातात. एका दमात सांगा: "तीन आठवड्यांपासून लिंगाच्या खालच्या बाजूला दोन पुळ्या आहेत, दुखत नाहीत, दोन महिन्यांपूर्वी संबंध आला होता, एक क्रीम आठ दिवस लावली." डॉक्टर दिवसभर हेच ऐकतात. लाज फक्त टेबलाच्या एका बाजूला असते.

आता पाहा, तपासणी खरंच होते का. कपडे न काढताच, टेबलापलीकडून फोटोवर नजर टाकून चिठ्ठी लिहिली गेली, तर तपासणी झाली नाही. व्हिडिओ सल्ल्याचाही हाच तोटा. घट्टपणा कॅमेऱ्याला कळत नाही, आणि इथे अर्धं निदान बोटाला कळतं. चांगली तपासणी पुळीपाशी थांबत नाही. डॉक्टर जांघेतली अवधाणं चाचपतात, गुदद्वाराभोवती पाहतात. तोंडाच्या आत पांढऱ्या रेषा दिसल्या तर लायकेन प्लेनस हा त्वचारोग आठवतो, तळहात-तळपायांवर तांबूस डाग दिसले तर सिफिलिसची दुसरी पायरी. बोटांच्या बेचक्या, मनगट आणि बेंबीभोवती खरूज शोधतात. कोपर, टाळू आणि नखांवर सोरायसिस. लिंगावरच्या पुळीसाठी डॉक्टर तळहात बघतायत म्हणजे ते भरकटले नाहीत. उलट, मनात हायसं वाटू द्या.

डर्मोस्कोप नावाची हातात मावणारी, साधारण दहापट मोठं दाखवणारी भिंगाची दिवटी आता बऱ्याच क्लिनिकांत असते. "याखाली बघता का?" असं विचारायला हरकत नाही. नुसत्या डोळ्यांना सारख्या वाटणाऱ्या दोन पुळ्या त्याखाली अगदी वेगळ्या दिसतात.

सारखं दिसणारं वेगळं असतं

गफलत सगळ्यात जास्त होते ती शिश्नमुंडाच्या कडेने रांगेत येणाऱ्या मोत्यासारख्या बारीक दाण्यांची. प्रत्येक दाणा १ ते ३ मिलिमीटर, सगळे एकाच आकाराचे, एक किंवा दोन ओळींत, माळ ओवल्यासारखे. वयात आल्यावर दिसू लागतात, वर्षानुवर्षं तसेच राहतात, उतारवयात फिके पडतात. हा आजार नाही, संसर्ग नाही, काढायची गरज नाही. मोस अशी शिस्त पाळत नाही. एक मोठा, दोन लहान, एक भलतीकडेच. पृष्ठभाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत, आणि मुख्य म्हणजे संख्या बदलते. मोत्यांच्या माळेला मोस म्हणून करंट लावून घेतलेले लोक ओपीडीत दिसतात. त्यांचे दाणे गेलेले असतात आणि वण राहिलेले.

बायकांत याचंच भावंड योनीमुखाच्या आतल्या ओठांवर असतं: मऊ, गुलाबी, दोन्ही बाजूंना सारखे कोंब. ओळखायची खूण बुडाशी आहे. इथे प्रत्येक कोंबाचं बूड स्वतंत्र असतं. मोसाचे कोंब एकाच बुडातून, एकाच खोडाला फांद्या फुटाव्यात तसे फुटतात. डॉक्टर कापसाच्या काडीने कोंब बाजूला सारतात ते हेच पाहायला.

मोलस्कमचा दाणा २ ते ५ मिलिमीटरचा, मेणासारखा चकाकता आणि मध्ये बेंबीसारखी खळगी असलेला. केस काढल्यावर येणाऱ्या पुटकुळीतून केस निघालेला दिसतो, भोवती लाली असते आणि आठवड्याभरात ती बसते. प्रौढ माणसाच्या चेहऱ्यावरही मोलस्कमचे भरपूर दाणे दिसले तर एचआयव्ही तपासणी लगेच करावी.

खरजेच्या गाठी लिंगावर आणि अंडकोषाच्या पिशवीवर येतात, तांबूस, शेंगदाण्याएवढ्या, रात्री भयंकर खाजणाऱ्या. खरूज औषधाने मेली तरी या गाठी अनेक आठवडे, कधी महिनेही राहतात, कारण ती मेलेल्या किड्यांवरची शरीराची प्रतिक्रिया असते. हे माहीत नसलं की माणूस तेच औषध पुन्हापुन्हा लावतो आणि कातडी सोलवटून घेतो.

पिशवीवरचे काळपट लाल, बारीक ठिपके म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या. खरवडले तर भळभळतात, एरवी निरुपद्रवी. पिशवीच्या कातडीतच कडक, पांढरट, हरभऱ्याएवढे दाणे म्हणजे त्वचेतल्या सिस्ट, वर्षानुवर्षं राहिल्या तर चुन्यासारख्या टणक होतात. शिश्नमुंडामागच्या खोबणीत जोरकस संबंधानंतर अचानक आलेली दोरीसारखी टणक वळकटी ही सुजलेली लसीकावाहिनी असते, विश्रांतीने काही आठवड्यांत ओसरते.

फोड दर वेळी त्याच जागी, काळपट डाग मागे ठेवून येतो का? मग संसर्गाआधी गोळ्यांकडे बघा. वेदनाशामकं, सल्फाची आणि जुलाबावरची काही औषधं शिश्नमुंडावर ठरलेल्या जागीच असा डाग उठवतात. दर वेळी गोळी घेतल्यापासून काही तासांत, तीच जागा. या माणसांना "हर्पीस" सांगून वर्षानुवर्षं गोळ्या दिलेल्या दिसतात. कागदावर गोळ्यांची ओळ ठेवायची ती यासाठी.

सिफिलिसचा व्रण बहुधा एकटा, न दुखणारा, आणि हातमोज्यातून दाबला तर कातडीत बटण शिवल्यासारखा लागतो. हर्पीसमध्ये लाल पायावर घोळक्याने आलेले, आग होणारे फोड फुटून उथळ जखमा होतात. पण दोन्ही नियम मोडतात, म्हणून नुसत्या नजरेवर थांबायचं नसतं. सपाट, ओलसर, राखाडी चकत्या मोसासारख्या दिसतात आणि सिफिलिसच्या दुसऱ्या पायरीच्या निघतात. म्हणूनच मोसावर औषध लावण्याआधी सिफिलिसची रक्ततपासणी व्हायला हवी.

कुठली तपासणी कशाला

लॅबच्या "एसटीडी पॅनल"ची जाहिरात पाहून आपणहून रक्त देऊन येणारे बरेच असतात. पुळीचं नाव त्यातून फारच क्वचित मिळतं. मोस, मोलस्कम, तेलग्रंथी, सिस्ट यांना रक्ततपासणीच नाही.

व्हीडीआरएल आणि टीपीएचए सिफिलिससाठी. व्रण नुकताच असेल तर व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा करायची. उलट गरोदरपणात, उतारवयात किंवा काही सांध्यांच्या आजारांत ती खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून सोबत टीपीएचए. सिफिलिस पूर्वी होऊन गेला असेल तर टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तेवढ्यावरून पुन्हा इंजेक्शनं घ्यायची नसतात.

हर्पीससाठी ताज्या फोडाच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर. पहिल्या दोन दिवसांत, खपली धरण्याआधी घेतला तर उत्तम. रक्तातली हर्पीस आयजीएम ही तपासणी या कामाला निकामी आहे, आणि आयजीजी फक्त एवढंच सांगते की कधीतरी हा विषाणू भेटला होता. आपल्याकडे तो तोंडावाटे लहानपणीच भेटलेली माणसं भरपूर आहेत. लॅबच्या छापील कागदावर ठळक अक्षरात "पॉझिटिव्ह" पाहून लग्न मोडायला निघालेल्यांनी आधी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मोस ज्या विषाणूमुळे येतो त्या एचपीव्हीची तपासणी पुरुषांच्या मोसासाठी करत नाहीत. बायकांमधली एचपीव्ही तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे. ती धोकादायक प्रकार शोधते, मोस करणारे ६ आणि ११ नव्हे. पांढरं व्हिनेगर लावून "पांढरं पडलं म्हणजे मोस" ही युक्तीही सोडून द्या, साध्या सुजेची कातडीसुद्धा पांढरी पडते. एचआयव्ही मात्र लैंगिक संसर्गाचा संशय असला की करायचीच. सरकारी आयसीटीसी केंद्रात ती फुकट होते, संबंधानंतर ६ आठवड्यांनी आणि खात्रीसाठी ३ महिन्यांनी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकालही फोडता येत नाही.

तुकडा कधी काढायचा

बायोप्सी म्हटलं की लोकांना कॅन्सर ऐकू येतो. इथे तिचा अर्थ बहुतेकदा "डोळ्याने ठरेना, सूक्ष्मदर्शकाने ठरवू" एवढाच. ती मागायची वेळ: नाव ठरत नाही, ठरलेल्या नावाचा उपचार नीट करूनही पुळी हलत नाही किंवा वाढते, ती टणक आहे, खालच्या थराला चिकटलेली आहे, आपोआप रक्त येतं, व्रण ३-४ आठवड्यांत भरत नाही, रंग काळा, तपकिरी किंवा विचित्र आहे, प्रतिकारशक्ती कमी आहे. कातडी मागे न जाणाऱ्या आणि तंबाखू-सिगारेट घेणाऱ्या पुरुषात यातलं एकही असलं तरी थांबू नये.

जागा बधिर करायचं इंजेक्शन काही सेकंद चांगलंच झोंबतं. त्यानंतर पेनाच्या टोकासारखं ३ किंवा ४ मिलिमीटरचं गोल पातं फिरवून त्वचेचा दंडगोल काढतात, एखाददुसरा टाका पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. घरी रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग १५ मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, संबंध नको.

आता एक बारीक पण खर्चिक चूक. क्लिनिकमधून नमुन्याची बाटली बऱ्याचदा रुग्णाच्याच हातात देऊन "लॅबला नेऊन द्या" म्हणतात. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहापट द्रवात, पूर्ण बुडालेला असला पाहिजे. सलाइन किंवा साध्या पाण्यात टाकला तर पेशी सडतात. नाव आणि जागा बाटलीच्या अंगावर लिहिलेली हवी, झाकणावर नव्हे, कारण लॅबमध्ये झाकणं अदलाबदल होतात. दोन ठिकाणचे तुकडे असतील तर दोन बाटल्या. सोबतच्या फॉर्मवर वय, जागा, किती दिवसांपासून, काय लावलं आणि डॉक्टरांच्या मनातल्या दोन-तीन शक्यता लिहिलेल्या असाव्यात. "स्किन बायोप्सी" एवढेच दोन शब्द असले तर पॅथॉलॉजिस्टकडूनही तितकंच मोघम उत्तर येतं. पोडोफायलिन हे मोसावरचं औषध लावलं असेल तर तेही फॉर्मवर हवं, त्याने पेशी इतक्या विचित्र दिसतात की कॅन्सरपूर्व बदलाचा भास होतो.

आणि निदान नक्की नसताना "लेझरने उडवून टाकू" याला लगेच हो म्हणू नका. लेझर पुळीची वाफ करतं, मागे तपासायला काहीच उरत नाही. "आधी तुकडा पाठवूया का?" एवढंच विचारा. चांगला डॉक्टर एकतर हो म्हणतो, किंवा का नको ते दोन वाक्यांत सांगतो.

उत्तर अर्धवट आलं तर

"हा मोसच आहे" असं कळलं की "कशावरून?" हे विचारा. आकार, बूड, बदलती संख्या, भिंगातलं चित्र, यापैकी काहीतरी ऐकू आलं पाहिजे. "थांबून पाहू" हेही रास्त उत्तर आहे, फक्त त्याला तारीख हवी: चार आठवड्यांनी, याच फोटोंशी ताडून, आणि दरम्यान काहीही न लावता. तारीख नसलेलं "बघू" मात्र स्वीकारू नका. मोस निघाला तर जोडीदाराचीही तपासणी करून घ्या, आणि बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी वयानुसार चालू ठेवावी. पुण्याच्या सीरमच्या एचपीव्ही लशीत मोस करणारे ६ आणि ११ हे प्रकार आहेत, पण लस असलेला मोस घालवत नाही.

बायोप्सीचा रिपोर्ट "निश्चित बदल नाहीत, लक्षणांशी जुळवून पाहा" असा आला तर तो घेऊन त्याच डॉक्टरांकडे परत जा. तुकडा वरवरचा निघाला असेल किंवा पुळीच्या चुकीच्या भागातून घेतला असेल. दुसरं मत हवं असेल तर पुन्हा कापून घ्यायची गरज नसते. पहिल्या लॅबमध्ये मेणात बसवलेला ब्लॉक आणि काचपट्ट्या ठेवलेल्या असतात. रिपोर्टचा क्रमांक आणि लेखी अर्ज दिला की त्या मिळतात, आणि त्वचेच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. ब्लॉक घेताना त्यावरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच, खिडकीसमोर जुळवून घ्या, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.